मदत हवी आहे: गच्चीवरच्या बागेसाठी नेमकी कोणती अवजारं घेऊ? (डावखुरी आहे)

जुई_कोथरूड

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या वाट्याला गच्ची आली आणि दोन वर्षांत चार कुंड्यांच्या अडतीस झाल्या. मोगरे तीन, जास्वंदी पाच, गुलाब सहा, कढीपत्ता, गवती चहा, अर्ध्या ड्रममध्ये एक लिंबू, आणि मेथी-पालक-मिरची ग्रो-बॅगांमध्ये. आतापर्यंत सगळं स्वयंपाकघरातल्या जुन्या उलथन्यावर आणि शिवणाच्या कात्रीवर निभावलं. कात्रीचं आईला कळलं तेव्हा काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

मागच्या महिन्यात ऑनलाइन पाच अवजारांचा संच मागवला. ३४९ रुपये, हिरव्या प्लास्टिकच्या मुठी, फोटोत एकदम देखणा. पहिल्याच रविवारी लिंबाच्या ड्रममधली माती उकरायला गेले तर छोटं फावडं मुठीच्या खाली दोन बोटांवर असं वाकलं की आता त्याने वरण वाढता येईल. तीन दातांच्या पंज्याचा एक दात भलतीकडेच बघतोय. आणि कात्री? ती फांदी कापत नाही, चावते. गुलाबाची साल लोंबत राहते आणि मग मी ती हाताने ओढून तोडते.

ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आहे म्हणून विचारते. खरोखर लागतात अशी अवजारं कोणती? एकेक करून कुठून घ्यावीत? दोन अडचणी आहेत. मी डावखुरी आहे, आणि डाव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतं (दिवसभर माउस, दुसरं काय). बजेट दोन हजारांपर्यंत. पुन्हा संच घ्या असं कृपया सांगू नका.

सराटा_नागपूर

सगळ्यात आधी ते उलथनं कुठे ठेवलं ते सांगा. आमच्याकडे त्याला सराटा म्हणतात, माझं नाव त्यावरूनच आहे. फेकलं असेल तर कचऱ्यातून काढा. ग्रो-बॅगमध्ये कोकोपीट आणि गांडूळखताचं मिश्रण असतं, ते काही मुरमाड रान नव्हे. त्याला सराटा पुरतो. रोपं उचलायला जेवणाच्या टेबलावरचा काटा, आणि कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं करायला जुना स्क्रू ड्रायव्हर. माझी तीस कुंड्यांची बाग आहे आणि विकत घेतलेली वस्तू एकच, झारी.

आबा_पलूस

सराटाभाऊंचं पालेभाजीपुरतं खरं आहे. गुलाब, जास्वंद आणि लिंबाला सराटा काय करणार?

ताई, मी द्राक्षवाला, त्यामुळे कात्रीबद्दलच बोलतो. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकराला साडेनऊशेवर वेली बसतात, प्रत्येक वेलीवर पंचवीस-तीस काड्या. कात्री वाईट असेल तर दुपारपर्यंत मनगट सांगतं.

कात्रीच्या दोन जाती. एकीत धारेचं पातं खालच्या वाकड्या ओठाला घासून शेजारून निघून जातं, ती बायपास. दुसरीत पातं सपाट पट्टीवर येऊन बसतं, पाटावर सुरी दाबावी तसं, ती अॅन्व्हिल. ओल्या, जिवंत फांदीला बायपासच. अॅन्व्हिलने ओली फांदी चेंगरते, ती वाळक्या काटक्यांसाठी ठेवा. तुमच्या संचातली बायपासच असणार, पण दोन पात्यांमध्ये फट असेल. दिव्यासमोर मिटून धरा. मधून उजेड दिसला की झालं, फांदी कापली न जाता त्या फटीत दुमडते. मधला नट आवळून बघा, कधीकधी तेवढ्यावर सुधारते. पातंच पत्र्याचं असेल तर मात्र सोडून द्या.

नवीन घेताना सुटे भाग मिळतात का हे आधी विचारा. स्प्रिंग हरवतेच. कंपनीच्या नावापेक्षा मी दुकानदाराला “स्प्रिंग आहे का वेगळी?” असं विचारतो. आहे म्हणाला तर कात्री बघतो.

आणि धरायची कशी हेही सांगतो, बरेच जण उलटी धरतात. धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे, वाकडा ओठ कापून पडणाऱ्या भागाकडे. ओठाने थोडं दबतंच, ते दबलेलं खाली पडू दे. डोळ्याच्या (जिथून नवा कोंब फुटतो त्या) वर पाव इंच, काप तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही.

जुई_कोथरूड

आबा, दिव्यासमोर धरली. उजेड? आरपार समोरची बिल्डिंग दिसतेय. नट आवळला तर कात्री उघडेचना.

उलथनं आहे हो, माळ्यावर.

मालतीकाकू

जुई, तुझ्या अंगठ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. वय ६८, दोन्ही हातांचे सांधे धरलेले, तरी बाग सोडली नाही.

बोटभर जाड फांदी एका दाबात कापायची हौस सोड. रॅचेटची कात्री मिळते. ती एकदा दाबली की थोडी रुतते, सैल सोडली की दातावर अडकून राहते, पुन्हा दाबली की आणखी आत. तीन-चार दाबांत तीच फांदी निघते आणि अंगठ्यावर भार येत नाही. फक्त ती बहुधा आबांनी सांगितलेल्या दुसऱ्या जातीची असते, अॅन्व्हिल, म्हणून कोवळ्या गुलाबाला नको. जास्वंदीच्या म्हाताऱ्या खोडाला उत्तम. अंगठ्याहून जाड फांदी आली की कात्री खाली ठेवायची आणि घडीची करवत घ्यायची. तिचे दात आपल्याकडे ओढताना कापतात, पुढे ढकलताना जोर लावायचा नाही. लिंबाला तीच लागेल, काट्यांतून हात सुखरूप बाहेर येतो.

मुठींवर सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळ. मूठ जाड झाली की पकड सैल ठेवता येते. दुखतं ते बारीक मूठ घट्ट धरल्याने.

आणखी एक. तो लिंबाचा ड्रम तू कोरडा उकरलास ना? आदल्या संध्याकाळी पाणी घालायचं, सकाळी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत झाली, की हात लावायचा. कोरड्या मातीत लोहाराचं खुरपंही उड्या मारतं, आणि चिखलात घातलंस तर नुसते गोळे निघतात.

परसबाग_कुडाळ

खुरप्याचं नाव शेवटी काकूंनी काढलं एकदाचं. मी वाटच बघत होतो.

जुईताई, छोटं फावडं ही कुंडीत माती भरायची वस्तू आहे. उकरायला, तण काढायला, मुळाभोवती आळं करायला, रोप लावायला खुरपं. बसून काम करणाऱ्या माणसासाठीच ते घडवलंय. पण दुकानातलं चकचकीत घेऊ नका, लोहाराकडे जा आणि “पाट्याचं खुरपं” मागा. पाटा म्हणजे ट्रकच्या चाकांवरच्या कमानीच्या स्प्रिंगची पट्टी. ते पोलाद मुळातच लवचीक आणि चिवट, त्याला लोहाराने नीट पाणी दिलं (लाल तापवून पाण्यात बुडवलं) की धारही राहते आणि वाकतही नाही. साध्या पट्टीचं खुरपं स्वस्त पडतं, पण महिन्यात त्याची धार बोथट.

घेताना दोन गोष्टी बघा. पात्याची शेपटी मुठीत किती आत गेली आहे, आणि पुढे टोक वळवलेलं आहे का. जी नुसती दोन बोटं आत असते ती पहिल्या पावसाळ्यात सुटते. आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं हवंच, नाहीतर लाकूड चिरतं.

डावखुऱ्यांसाठी तर लोहाराला पर्यायच नाही. बऱ्याच खुरप्यांना धार एकाच अंगाने काढलेली असते आणि मान किंचित वळवलेली असते, उजव्या हाताच्या हिशोबाने. तुम्ही डाव्या हाताने ओढता तेव्हा पातं मातीत शिरण्याऐवजी वर सरकतं, आणि मग तुम्ही अंगठ्याने दाबून धरता. दुखणं सगळंच माउसचं नसेल! धार दुसऱ्या अंगाने काढून मान उलटी वळवायला लोहाराला फार वेळ लागत नाही, फक्त समोर बसून हाताने दाखवा. माझा धाकटा भाऊ डावखुरा, त्याच्या खुरप्याला घरात दुसरं कोणी हात लावू शकत नाही. लावला तरी चालवता येत नाही.

मेघना_न्यूजर्सी

इकडे मी होरी-होरी वापरते, जपानी. जाड सुरीसारखं पातं, एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला करवतीचे दात, आणि पात्यावर मापाच्या खुणा, त्यामुळे ट्युलिपचे कंद किती खोल लावायचे ते कळतं. दुधारी असल्यामुळे डावा-उजवा प्रश्नच नाही. भारतातही ऑनलाइन दिसते.

परसबाग_कुडाळ

म्हणजे सरळ केलेलं खुरपंच की! मापाच्या खुणा मात्र आवडल्या, पुढच्या खुरप्यावर छिन्नीने मारून घेतो.

सराटा_नागपूर

आणि खोबऱ्याचं तेल लावा म्हणजे कोकणी होईल.

परसबाग_कुडाळ

लावतोच. जूनच्या आधी सगळ्या पात्यांना. हसू नका, आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा बुरशी धरतात. वर्षभरासाठी एका मोडक्या बादलीत कोरडी वाळू भरून त्यात थोडं जुनं इंजिन ऑइल मुरवून ठेवलंय. काम झालं की खुरपं चार वेळा त्यात खुपसायचं, माती निघते आणि तेलाचा हात फिरतो. लावणीला घेताना पातं पुसून घ्यायचं. कात्री मात्र वाळूत घालायची नाही, तिला शिवणयंत्राचं तेल.

आबा_पलूस

कात्रीच्या धारेबद्दल राहिलं होतं. बायपासच्या पात्याला धार एकाच बाजूने असते, उताराच्या. दगड तेवढ्याच बाजूला फिरवायचा. मागची सपाट बाजू घासलीत तर पुन्हा तीच फट पडते आणि नवी कात्रीही चावायला लागते. धार काढताना मागच्या बाजूला वळून आलेली बारीक कोर काढायला दगड अगदी सपाट ठेवून एकच हात. आमच्याकडे नवीन गडी येतो तो पहिल्या दिवशी हमखास दोन्ही बाजू घासून ठेवतो.

एका गुलाबाची फांदी वरून काळी पडत खाली येत असेल तर त्याला कात्री लावल्यावर दुसऱ्याला तशीच लावू नका. स्पिरिटचा बोळा पुसायचा, मगच पुढे. काळं जिथे संपतं त्याच्या दोन इंच खाली, आत पांढरं-हिरवं लाकूड दिसेपर्यंत कापायचं.

डावखुऱ्यांची कात्री वेगळी येते. स्विस फेल्कोचा ९ नंबर त्यासाठीच आहे, पण तुमच्या बजेटमध्ये ती बसणार नाही. साधी चालेल, मात्र तिचा खटका, म्हणजे मिटलेली कात्री अडकवून ठेवतो तो, बघा. काहींचा खटका एका बाजूला असतो, तो तुम्हाला दर वेळी उजव्या हाताने काढावा लागेल. वर मध्यभागी किंवा मुठींच्या शेवटी असलेला घ्या. आणि कात्री डाव्या हातात आली की कापायची रेघ पात्यामागे लपते. पहिले दोन दिवस डोळा चुकून कापाल, मग सवय होईल.

मालतीकाकू

झारीचं कोणी नीट सांगितलं नाही. चाळणीचं तोंड निघणारं घे आणि भोकं वर तोंड करून असलेली बघ, पाणी वर जाऊन पावसासारखं पडतं, मेथीची रोपं आडवी होत नाहीत. दहा लिटरची अजिबात नको. पाच लिटरची घे आणि दोन फेऱ्या जास्त मार. भरलेलं पाच लिटर म्हणजे पाच किलो, तेही एका हातात.

जुनी ताडपत्री पसर कुंड्या बदलताना. माती गच्चीच्या पन्हाळीत गेली की सोसायटी तुझ्या दारात येईल. आणि ड्रममधलं खोदताना बाहेर पडलेलं ढेकूळ गच्चीवर ठेवून टोकदार काहीही आपटायचं नाही, वॉटरप्रूफिंग गेलं तर बागेचा खर्च किरकोळ वाटेल!

जुई_कोथरूड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आजचा हिशोब सांगते.

सकाळी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. तिथल्या दुकानदाराला आबांनी शिकवलेलं विचारलं, “स्प्रिंग वेगळी मिळते का?” त्याने मान वर करून एकदा बघितलं आणि काउंटरवरची कात्री ठेवून आतली काढली. खटका मुठींच्या शेवटी आहे, दिव्यासमोर धरली तर उजेड नाही. ६२० रुपये. घडीची करवत ३८०. झारी पाच लिटरची, हिरवीच मिळाली. रॅचेट सध्या नको, आधी करवतीने भागतंय का बघते. सायकलची ट्यूब खालच्या पंक्चरवाल्याने फुकट दिली.

लोहार शोधायला वेळ लागला. शेवटी रस्त्याच्या कडेला एक घिसाडी कुटुंब सापडलं. बाई घण मारत होत्या, त्यांचे यजमान सांडशीत लाल पातं धरून दर घावाला ते एवढंसं फिरवत होते. एकमेकांशी एक शब्द नाही. मी डावखुरी म्हटल्यावर त्यांनी मला तिथेच मातीवर बसवलं, हातात एक खुरपं दिलं आणि “ओढा” म्हणाले. दोनदा ओढलं. तिसऱ्यांदा त्यांनीच थांबवलं आणि बाईंना म्हणाले, “बघ, अंगठा बघ हिचा.” कुडाळकर, तुम्ही म्हणालात तेच. पाट्याचं, डाव्या अंगाने धारेचं, १८० रुपयांत, उद्या सकाळी दहाला तयार.

आता शेवटचं. ते विचारत होते मूठ सागाची करू की बाभळीची. सागाची हलकी पडेल म्हणाले. मी उद्या सांगते म्हणून आले. हाताला हलकं बरं ना?

परसबाग_कुडाळ

बाभूळ. हलकी मूठ हातात उडते. नऊला जा आणि त्यांच्यासमोर पुन्हा एकदा ओढून बघा.

मालतीकाकू

बाभूळच. आणि ट्यूब घेऊन जा, किती जाडी हवी ते तिथेच कळेल.

सराटा_नागपूर

उलथनं माळ्यावरून काढलं का?