भूमध्य समुद्रातली क्रूझ: बोटीवरचे पहिले दोन-तीन दिवस (अनुभव धागा)

पुणे. आई आणि मी, चिविटावेक्कियाहून सात रात्री

आईला सत्तर पूर्ण झाली म्हणून आम्ही दोघी सप्टेंबरात जाऊन आलो. बोट लहान, सातशेच्या आतबाहेर प्रवासी. सगळे सुइटच, खाणंपिणं आणि टिपा सगळं भाड्यात धरलेलं. फोटो सगळ्यांना दाखवून झाले, पण मला जे सांगायचंय ते फोटोंत आलेलं नाही. पहिले दोन दिवस आई त्या बोटीवर पाहुणी झालीच नाही.

चिविटावेक्कियाला रोमचं बंदर म्हणतात, पण रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. आम्ही रोमा टर्मिनीहून ट्रेनने गेलो, तासाभराचा प्रवास. सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे बंदर, आणि आजही तिथून माणसं बोटीत चढताहेत, हे मला फार भारी वाटलं. बॅगा धक्क्यावरच घेऊन गेले. खोलीत शिरतो न शिरतो तोच बटलर दारात. बॅगा आल्या की कपडे कपाटात लावून देऊ का, असं त्याने विचारलं. आई मला मराठीत म्हणाली, "नको म्हणून सांग. पण त्याला वाईट वाटेल असं नको बोलू."

दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली तर आई पलंगापलीकडे उभी राहून चादर ओढत होती. चारही कोपरे गादीखाली खोचलेले, घरी दिवाणाला खोचते तसे. टॉवेलच्या घड्या झालेल्या. रात्रीची कपबशी बेसिनमध्ये विसळून रुमालावर पालथी घातलेली. म्हणाली, "तो मुलगा येईल, त्याला तेवढंच बरं." तिसऱ्या दिवशीही तेच. मी चिडले, इतके पैसे कशाला भरलेत म्हणून बोललेसुद्धा, आणि ते बोलल्याचं मला अजून वाईट वाटतं. चाळीस वर्षं जिने घरातल्या सगळ्यांनंतर जेवण केलं, ती एका रात्रीत टेबलावर बसून ताटाची वाट कशी बघेल?

तिसऱ्या संध्याकाळी माल्टाहून निघालो. व्हॅलेटाचा तो मधाच्या रंगाचा दगड उन्हात उजळलेला, दोन्ही बाजूंना तटबंदी, आणि आमची बोट मधून हळूहळू बाहेर पडत होती. तो बटलर मुलगा चहा घेऊन आला. आईने पहिल्यांदा त्याला ओतू दिला. त्याचं गाव विचारलं, मुलं किती विचारलं. मग बाल्कनीतल्या दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवले आणि तासभर तशीच बसून राहिली.

तुमचे पहिले दिवस कसे गेले? कुठे अडलं, काय चुकलं, आणि बरं कधी वाटायला लागलं? सविस्तर लिहा. माझ्या दोन मैत्रिणी पुढच्या मे महिन्यात निघताहेत.

ठाणे. आम्ही दोघं, वय ६४ आणि ५९

आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत व्हेनिस होतं आणि बोट उभी होती रावेन्नाला. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांपेक्षा मोठ्या बोटींना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून आणि सान मार्कोसमोरून जायला बंदी आहे. त्या शहराचा जीव बघता ते योग्यच झालं. पण आमच्या एजंटने हे सांगितलं नाही. आम्ही हॉटेल घेतलं व्हेनिसमध्ये, आणि सकाळी उठून बसने अडीच तास रावेन्नाला. तेव्हा तिकिटावर शहराच्या नावाखाली टर्मिनलचं नाव लिहिलेलं असतं, ते नकाशावर शोधा आणि मगच हॉटेल ठरवा.

व्हिसाचंही सांगून ठेवतो. आमच्या वाटेत मॉन्टेनेग्रो होतं, ते शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. बोट तिथून पुन्हा ग्रीसला गेली की तो नवा प्रवेश धरतात, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. अर्ज ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. आणि बोट सुटली की फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात फोन आपोआप बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं.

या सगळ्यामुळे पहिले दोन दिवस मी हिशेबच करत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बायकोने शाल टाकली अंगावर आणि ओढत डेकवर नेलं. बोट मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरच्या आखातात शिरत होती. दोन्हीकडे डोंगर इतके जवळ की काठावरच्या घरात कोण उठलंय ते दिसतं. वेरिगेची सामुद्रधुनी तर साडेतीनशे मीटरसुद्धा रुंद नसेल. एका घराच्या गॅलरीत एक बाई टेबलक्लॉथ झटकत होती, तिने आमच्याकडे बघून तोच हलवला. पुढे पाण्यात चर्च असलेलं एवढंसं बेट लागतं. तिथल्या खलाशांनी वर्षानुवर्षं दगड टाकून ते बेट तयार केलंय, आणि अजूनही दर २२ जुलैला लोक होड्यांतून जाऊन तिथे दगड टाकतात. डेकवर पन्नासेक माणसं होती, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. हिशेबाची वही मी त्यानंतर उघडली ती थेट ठाण्याला.

डोंबिवली, मूळ हर्णै. सासऱ्यांना घेऊन गेलो होतो

सासरे सगळी हयात समुद्रावर मासेमारी केलेले. क्रूझवर येऊन त्यांना नवीन ते काय दिसणार, असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी अजाक्सिओला, म्हणजे कॉर्सिकात, उतरलो. मी नेपोलियनचं जन्मघर बघायच्या घाईत, आणि हे धक्क्याच्या भिंतीकडे टक लावून उभे. "पाण्याची रेघ कुठाय?" आपल्याकडे भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर वरखाली होतं, जेटीच्या खांबांवर शेवाळाचा आणि कालवांचा उंच पट्टा असतो. इथे शेवाळ टीचभर. संध्याकाळी परत आलो तेव्हा त्यांनी पुन्हा तीच भिंत बघितली. पाणी होतं तिथेच.

बोटीवरच्या एका अधिकाऱ्याला विचारलं. त्याने छान समजावलं. हा समुद्र महासागराला जोडलेला आहे तो जिब्राल्टरच्या चौदा किलोमीटरच्या फटीतून, त्यामुळे भरतीला आत यायला वावच नाही. नद्यांनी येतं त्याहून जास्त पाणी वाफ होऊन जातं म्हणून खारटपणा आपल्यापेक्षा जास्त, आणि पाण्यात सूक्ष्म जीव कमी म्हणून ते इतकं निळं आणि आरपार. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मासळीही कमीच."

मासेमारीच्या होड्यांपाशी एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. हे त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि जाळ्याच्या आसात, म्हणजे एका भोकात, दोन बोटं घालून माप घेतलं. त्याने बघितलं आणि सुई त्यांच्या हातात दिली. एकालाही दुसऱ्याची भाषा येत नव्हती. नेपोलियनचं घर राहिलं ते राहिलंच. मी तिथून हललो नाही.

नाशिक. कुटुंब, बार्सिलोनाहून

पहिल्या रात्रीची तयारी ठेवा. बार्सिलोना ते मार्सेय वाटेत लायनचं आखात लागतं आणि फ्रान्सच्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा मिस्त्राल वारा तिथे मोकळा सुटतो. बोटीला पाण्याखाली पंख असतात, ते डोलणं बरंच कमी करतात, तरी रात्री दोनला कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत होते आणि मुलगी रडत होती. रिसेप्शनला फोन केला तर त्यांनी हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं पाठवली. खरा आधार मिळाला तो सासूबाईंनी दिलेल्या आलेपाकाचा. खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असेल तर त्रास कमी. आमची सगळ्यात वर आणि पुढे होती, दृश्यासाठी जास्त पैसे देऊन घेतलेली.

आणि सुरक्षेचा सराव टाळू नका, ही कळकळीची विनंती. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा. हल्ली बऱ्याच बोटींवर व्हिडिओ बघून आपल्या ठिकाणी फक्त हजेरी लावायची असते, लोक तेही घाईत उरकतात. १३ जानेवारी २०१२ ला जिग्लिओ बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला लागली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हा चोवीस तासांच्या आत केला तरी चालायचा. आता निघायच्या आधी किंवा निघताक्षणी व्हावाच लागतो. आम्ही मुलांना खोलीपासून जमायच्या जागेपर्यंत दोनदा चालत नेलं, लिफ्ट न वापरता.

कोल्हापूर. निवृत्त शिक्षक

आमचंही दुसऱ्या दिवशी मार्सेय. बाकी सगळे वर नाश्त्याला गेले होते. खाली उतरायच्या वाटेवर एक गोल खिडकी आहे, मी तिथे थांबलो. ८ जुलै १९१० ला याच बंदरात मोरिया बोटीच्या अशाच एका खिडकीतून सावरकरांनी उडी टाकली होती. पोहत किनाऱ्याला लागले आणि तिथे पकडले गेले. पुढे प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. तीस वर्षं हा प्रसंग मी वर्गात सांगितला, फळ्यावर बोट काढून, खिडकीला गोल करून. आता त्या काचेला खांदा लावून बघितलं आणि खाली पाणी किती लांब आहे ते पहिल्यांदा कळलं. क्रूझचा धक्का शहरापासून बराच दूर आहे, शटल बसने जुन्या बंदरापर्यंत गेलो. दिवसभर दुसरं काही बघितलं नाही.

छत्रपती संभाजीनगर. गुडघेदुखीवाल्यांसाठी थोडक्यात

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला बोट धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या त्या विवरात पाणी फार खोल आहे, म्हणून लहान होडीने किनाऱ्यावर नेतात. होडी हलत असते, दोन खलाशी दंडाला धरून उतरवतात, तेवढं जमलं पाहिजे. वर फिरा नावाच्या गावाला जायला केबल कार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्यांवर गाढवंही चालतात आणि लीद असते, पाय घसरतो. केबल कारची रांग आम्हाला भर उन्हात तासाभराची लागली. यजमान बोटीवरच राहिले. रिकाम्या डेकवर बसून वरच्या पांढऱ्या घरांची रांग दिवसभर बघितली, आणि आमच्यापेक्षा त्यांचाच दिवस छान गेला.

वेंगुर्ला. अकरा वर्षं बोटीवर आहे, सध्या सुइट अटेंडंट

वर सगळ्यांचं वाचलं. खालच्या बाजूने पहिला दिवस कसा असतो ते सांगतो.

आधीचे प्रवासी नऊपर्यंत उतरतात, नवे दुपारी बारापासून चढतात. मधल्या वेळात माझ्याकडच्या बारा खोल्या पहिल्यापासून तयार करायच्या. चादरी, न्हाणीघरं, फ्रीज, फळं, फुलं. त्याच वेळी धक्क्यावरून आठवड्याचं धान्य, भाजी, मासे वर येत असतात. बोटीच्या पोटात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब रस्ता असतो, त्याला आम्ही अमेरिकेतल्या मोठ्या हायवेचं नाव दिलंय, आय-नाइंटीफाइव्ह. त्या दिवशी तिथे चालायला जागा नसते.

तुमच्या बॅगा एक्सरेतून जातात. इस्त्री, किटली, इंडक्शन निघालं की बॅग अडते. राग मानू नका. समुद्रात आगीइतकी भीती आम्हाला कशाचीच नाही, वादळाचीसुद्धा नाही. वस्तू शेवटच्या दिवशी परत मिळते. विमानाचे जुने टॅग कापून टाका आणि बोटीचा टॅग स्टेपल करा. बॅग हरवत नाही, पण टॅग गळाला तर रात्री उशिरा सापडते. औषधं, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा.

जेवणाचं आदल्या रात्री सांगा. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, जे असेल ते हेड वेटरला स्पष्ट सांगायचं. किचनमध्ये आपली माणसं बहुतेक वेळा असतातच, गोव्याची, मुंबईची, उत्तराखंडची. वरणभात मागितला तर त्यांना आनंद होतो. आपले लोक तीन दिवस सॅलड खातात आणि चौथ्या दिवशी विचारतात, हे बघून आम्हालाच वाईट वाटतं.

आता तुमच्या आईंबद्दल. नियमाप्रमाणे ती चादर आम्हाला काढून पुन्हा घालावीच लागते, पाहुण्यांनी कितीही नीट घातली तरी. पण कपबशी पालथी घातलेली खोली माझ्याकडेही एकदा होती. पहिलंच कॉन्ट्रॅक्ट, चौथा महिना. रुमालावर पालथी, कान एका बाजूला करून, माझी आई ठेवते तशीच. दार लोटून घेतलं आणि दोन मिनिटं त्या पलंगावर बसलो. बसायची परवानगी नसते.

पुणे

आईला सगळं वाचून दाखवलं. हर्णैच्या आजोबांचं दोनदा वाचायला लावलं. वेंगुर्ल्याच्या दादांना ती विचारतेय, चादर पुन्हा घालावीच लागत होती तर त्या मुलाने सांगितलं का नाही, म्हणजे तिने नुसती घडी करून ठेवली असती. आणि गणपतीला घरी जायला मिळालं का?

वेंगुर्ला

आम्ही सांगत नाही, काकू. यंदा गणपती हुकले. नोव्हेंबरात साइन ऑफ आहे, मग घरी.