पक्षाघातानंतर वडिलांना पाणी कसे पाजावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
माझ्या वडिलांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. आमटीत चांगली कुस्करलेली भाकरी ते सावकाश खातात. पाणी किंवा चहा पिताना मात्र ठसका लागतो आणि नंतर बराच वेळ आवाज ओलसर, घोगरा येतो. तांब्या उंच धरून वरून पाणी पिण्याची त्यांची जन्माची सवय आहे. अन्न गिळता येते, मग साधे पाणीच का अडते?

उत्तर (कऱ्हाड)
तांब्याने वरून पिणे आजपासूनच थांबवावे, कारण त्या वेळी मान मागे जाते आणि श्वासनलिका झाकली जाण्याआधीच पाणी घशात उतरते. पाणी पातळ असल्यामुळे वेगाने वाहते, आणि दुबळ्या स्नायूंना तेवढी सवड मिळत नाही. माझ्या आईला आम्ही खुर्चीत ताठ बसवून, बोलू न देता, एकेक लहान घोट देतो आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देत नाही. दात व जीभ रोज स्वच्छ करतो, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

उत्तर (मिरज, वाचा-उपचारतज्ज्ञ)
वरील सल्ला योग्य आहे, पण गिळण्याची तपासणी करून घ्यावीच; काहींच्या श्वासनलिकेत पाणी जाते तरी ठसका लागत नाही, म्हणून ठसका थांबला म्हणजे धोका टळला असे मानू नये. पेय सावकाश वाहावे म्हणून गरजेनुसार ते दाट करून देतात; पेयांच्या दाटपणाची 0 (पातळ) ते 4 (सर्वांत दाट) अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. ठरावीक मापाच्या 10 मिलिलिटर सिरिंजमधून 10 सेकंद द्रव वाहू दिल्यावर 4 ते 8 मिलिलिटर उरला, तर तो श्रेणी 2 चा होय. यांपैकी कोणती श्रेणी हवी, हे घरी अंदाजाने ठरवू नये. स्टार्चची पूड घालून दाट केलेले पेय लाळेमुळे पुन्हा पातळ होते, म्हणून उष्टा पेला बाजूला ठेवून नंतर पाजू नये. शिवाय दाट पाणी अनेकांना आवडत नाही आणि ते कमी पितात. लघवी कमी किंवा गडद होते का, याकडे लक्ष ठेवावे. ताप आला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्नकर्ता
तांब्या बंद केला असून सोमवारची वेळ घेतली आहे. चहात भिजवलेले बिस्कीट चालेल का?

उत्तर (मिरज)
तपासणीपर्यंत देऊ नये. त्यात मऊ लगदा आणि पातळ चहा एकाच घासात येतात, आणि लगदा चघळत असतानाच चहा पुढे निसटतो. आइस्क्रीमही तोंडात विरघळून पातळ होते, तेही तूर्त टाळावे.