तीन गोळ्या चालू, तरी पहाटेचं बीपी 165/100. घोरण्याचा संबंध असेल का?

रंकाळाकाठ:
वडील 56 वर्षांचे. बीपीच्या तीन गोळ्या, त्यातली एक लघवीची. संध्याकाळी 142/86, पहाटे 165/100. घोरणं मोठं, मध्येच श्वास थांबतो आणि गुदमरल्यासारखा परत सुरू होतो. रात्री तीनदा लघवीला उठतात. डॉक्टर चौथी गोळी देणार आहेत. आधी झोपेची तपासणी करावी का?

नाडीपरीक्षक:
दोन्ही करा, एकासाठी दुसरं थांबवू नका. तीन औषधांना न जुमानणाऱ्या बीपीमागे स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, वारंवार सापडतो. घसा मिटला की ऑक्सिजन उतरतो, सिंपथेटिक नसा (शरीराला धोक्याचा इशारा देणाऱ्या) खवळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि श्वास सुटताक्षणी बीपी उसळतं. झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरायला हवं, ते उतरतच नाही. त्यात मिटलेल्या घशाविरुद्ध छाती जोरात ओढ घेते, त्या ओढीनं हृदयाचे वरचे कप्पे ताणतात. ताणलेला कप्पा एक संप्रेरक सोडतो आणि मूत्रपिंड जास्त लघवी करतं. तेव्हा तीनदा उठण्याचा दोष लगेच प्रोस्टेटला देऊ नका. ठोके अनियमित लागले तर ईसीजी काढाच, एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीची, वाट इथूनच जाते.

चौथी गोळी बहुधा स्पायरोनोलॅक्टोन असेल. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) तपासूनच सुरू करायची.

शाहूपुरीकर:
घरी होणारी तपासणी सोपी आहे: बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा. तासाला 5 ते 15 अडथळे सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. रिपोर्ट नॉर्मल आला आणि लक्षणं अशी ठळक असली, तर स्लीप लॅबमध्ये पूर्ण तपासणी करून घ्या. सोबत 24 तासांचं बीपी मोजा. रात्रीची सरासरी 120/70 किंवा वर असेल तर ते वाढलेलंच.

रात्री उशिरा रस्सा ओरपणं, वर पापड-लोणचं, हे बंद. मिठानं पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं, घसा आणखी अरुंद होतो. दारू आणि झोपेची गोळीही नको, घशाचे स्नायू सैल पडतात.

रंकाळाकाठ:
झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन लावलं की गोळ्या सुटतील का?

नाडीपरीक्षक:
बहुधा नाही. सीपॅपनं बीपी सरासरी 2-3 अंकच उतरतं, हट्टी बीपीत थोडं जास्त. तेही रोज निदान 4 तास लावलं तर. 2016 च्या सेव्ह नावाच्या सीपॅपवरच्या अभ्यासात हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, पण तिथं वापर सरासरी 3.3 तासच होता. मशीन बहुतेक वेळा मास्कमुळे सुटतं: डोळ्यांकडे हवा गळते, मग माणूस पट्टे आवळतो, नाकावर वळ उठतात. माप बदलून घ्या. पट्टे झोपलेल्या स्थितीत, हवा सुरू ठेवून बसवा. तोंड कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग), त्यात डिस्टिल्ड पाणी.

आणि दिवसा डुलकी लागत असेल तर उपचार बसेपर्यंत वडिलांच्या हाती गाडी देऊ नका, गगनबावड्याच्या घाटात तर मुळीच नाही.