मदत हवी आहे: १००० वॅटचा मिक्सर की मोठा ब्लेंडर? घरात दोन पक्ष पडलेत

नमस्कार मंडळी,

आमच्या मिक्सरने परवा राम म्हटला. लग्नातला होता, ५०० वॅटचा, सोळा वर्षं राबला बिचारा. दोनदा मोटरचे कार्बन ब्रश बदलले, कपलर (भांडं आणि मोटर जोडणारा दातेरी तुकडा) किती वेळा बदलला ते आठवत नाही. या वेळी खोबऱ्याचं वाटण चालू असताना आधी जळका वास आला, मग घुर्र करून जागेवर बसला. खालचं लाल बटण दाबून पाहिलं, अर्ध्या तासाने पुन्हा दाबलं, ढिम्म. रिपेअरवाल्या काकांनी उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाले, "ताई, आर्मेचर गेलं, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभाच. यात आता पैसे घालू नका."

तर नवीन घ्यायचाय. मुलगा सध्या जिमला जातो. त्याला गोठवलेली केळी, ओट्स, बर्फ वगैरे दळायचं असतं, त्यामुळे तो रोज मला १८०० वॅटच्या ब्लेंडरच्या लिंका पाठवतोय. "आई, एकदाच घे, त्यातच सगळं होईल." सासूबाईंचं म्हणणं, वाटण गंधासारखं लागलं पाहिजे, नाहीतर पाटा आहेच. (पाटा माळ्यावर आहे. तो खाली कोण उतरवणार आणि वाटणार कोण, हे सांगायला नको.)

आम्ही साताऱ्याला असतो, घरात सहा माणसं. रोज अर्धी-पाऊण वाटी ओलं वाटण. आठवड्याला अर्धा किलो शेंगदाण्याचं कूट, कारण आमच्याकडे कुटाशिवाय भाजी म्हणजे भाजीच नाही. पंधरा दिवसांतून एकदा डोशाचं पीठ. वर्षाचा कांदा-लसूण मसाला कांडपावरून आणते, पण गोडा मसाला घरीच, थोडा थोडा. ठेचा खलबत्त्यातच होतो, तो प्रश्न नाही.

विचारायचंय ते असं, की ७५० आणि १००० वॅटमध्ये खरंच फरक पडतो का? ब्लेंडरमध्ये अर्धी वाटी वाटण होतं का? आणि ओट्यावरच्या साध्या सॉकेटवर हे १८०० वॅटचं धूड चालेल का? बजेट आठ हजार, ओढूनताणून दहा. दुकानदार प्रत्येक वस्तूला "एक नंबर" म्हणतो, म्हणून इथे आले.

प्रतिसाद – खलबत्ता

ब्लेंडर आमच्याकडे आहे, म्हणून अनुभवाचं सांगते. स्मूदी मलईसारखी होते, बर्फाचा चुरा होतो, टोमॅटोचं सार गाळावं लागत नाही. पण अर्धी वाटी खोबरं-मिरची घाला, दोन सेकंदांत सगळं उडून भांड्याच्या भिंतीला चिकटतं आणि पाती मोकळीच फिरतात. मग झाकण काढा, चमच्याने खाली ओढा, पुन्हा लावा. शेवटी पाणी वाढवावं लागतं, आणि मग ते वाटण परतायला गेलं की तडतड उडतं. ते भांडं मुळात दीड-दोन लिटरचं, खाली पसरट. त्याला पोटभर पातळ काहीतरी लागतं.

आणखी एक. मी हौसेने धणे-जिरे दळले त्यात. पारदर्शक प्लास्टिकचं भांडं, आतून चरे पडून धुकं आल्यासारखं झालं ते कायमचं. पुढचे आठ दिवस मुलांच्या मँगो शेकला गोड्या मसाल्याचा वास.

प्रतिसाद – फेज_न्यूट्रल

वॅटवर जाऊ नका ताई. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं, वाटतं किती चांगलं ते नव्हे. सोपं उदाहरण देतो. डोशाचं पीठ सर्वांत छान कशात होतं? दगडाच्या वेट ग्राइंडरमध्ये. घरगुती दोन लिटरच्या ग्राइंडरची मोटर साधारण १५० वॅटची असते! दगड सावकाश फिरतात, पीठ तापत नाही. (कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, उगाच नाही.) मिक्सरची मोटर मिनिटाला १८-२० हजार फेरे घेते, तिथे पीठ गरम होतं. म्हणून मिक्सरमध्ये डाळ-तांदूळ वाटताना फ्रीजचं पाणी घालायचं.

७५० आणि १००० मधला फरक कळतो तो भांडं भरलेलं असताना. भिजवलेली डाळ, चिकट वाटण अशा ओझ्याखाली जास्त ताकदीची मोटर दमत नाही, फेरे कमी होत नाहीत. सहा माणसांना चांगला ७५० पुरतो. डोसे वरचेवर होत असतील तर १००० घ्या.

सॉकेटचं विचारलंत ते बरं केलंत. साधा पॉइंट ६ अँपिअरचा. २३० व्होल्टने गुणलं की १३८० वॅट. १८०० चा ब्लेंडर त्याच्या बाहेर जातो, त्याला गिझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंट लागेल. १००० चा मिक्सर साध्यावर आरामात चालतो. बिलाची काळजी नको, १००० वॅट दहा मिनिटं चालवला तरी युनिटचा सहावा भाग.

मोटर जळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, सलग चालवणं. खाली चिकटवलेली पट्टी वाचा. बहुतेक मिक्सरवर ३० मिनिटांचं रेटिंग असतं, तेही मध्ये विश्रांती देत, सलग नव्हे. लाल बटण बाहेर आलं म्हणजे मोटर तापलीय. थंड होऊ द्यायची. ते बटण दाबून दाबून पुन्हा चालू करणारी मंडळी हेच माझं गिऱ्हाईक.

प्रतिसाद – सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इथे घरोघरी मोठे ब्लेंडर, तरी आम्ही मराठी बायका चटणीसाठी ११० व्होल्टचा देशी मिक्सर वेगळा ठेवतोच, यातच काय ते समजा. माझ्या जावेने पुण्याहून २३० चा आणला आणि आता त्याच्यासाठी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर ओट्यावर. इकडे येणारं कुणी वाचत असेल तर आणू नका.

माझे वडील सांगायचे, सुमीत मिक्सर निघाला तोच असा. सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरांच्या बायकोचा परदेशी मिक्सर आपल्या दळण-वाटणापुढे टिकेना, म्हणून त्यांनी दणकट मोटरचा मिक्सर केला. १९६० च्या दशकातली गोष्ट. दोष मिक्सरचा नव्हे हो, तो बिचारा शेक करायला जन्मला होता.

प्रतिसाद – खलबत्ता

कुटाचं राहिलंच. जास्त वॅटच्या मिक्सरमध्ये कूट करताना बटण सरळ फिरवूच नका, नाहीतर शेंगदाण्याला तेल सुटून लगदा होतो. उलटं फिरवायचं आणि झटके द्यायचे, चार-पाच. दाणे भाजल्यावर पूर्ण गार झालेले हवेत. आणि सबंध हळकुंड, हिंगाचा खडा कधी टाकू नका, पातं जातं.

दुकानात लहान भांडं हातात घेऊन बघा. तळ आणि पातं यांत फट जास्त असेल तर खाली न वाटलेला थर राहतो. कंपनी कुठलीही घ्या, पण साताऱ्यात सर्व्हिस सेंटर आहे का आणि कपलर, रबर, बुश (पात्याच्या दांड्याभोवतीची कडी) सुटे मिळतात का, हे आधी विचारा. बुश झिजला की भांड्याखालून काळं पाणी येतं, तेव्हा भांडं बदलायला लावतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! काल जाऊन आले. घरून डबीत जिरं नेलं होतं. दुकानदाराने आधी तोंड वाकडं केलं, मग दोन चमचे लहान भांड्यात घालून दळून दाखवलं. पहिल्या मिक्सरमध्ये खाली सबंध जिरं तसंच. दुसऱ्यात पूड झाली. दुसरा ७५० चा आणि बाराशे रुपयांनी स्वस्त! १००० चं तिथे जे मॉडेल होतं त्याचं चटणीचं भांडंच एवढं मोठं, की आमचं वाटण त्यात हरवलं असतं. ७५० चाच घेतला. डोशाचं पीठ आता दोनदा करून वाटते, मध्ये चहा पिते, मोटर गार होते.

लेकाला सांगितलंय, गोठवलेलं केळं पाच मिनिटं बाहेर ठेव, फोडी कर, दूध आधी घाल. झालं त्याचं काम. तोंड अजून फुगलेलं आहे.

आता शेवटचा प्रश्न. जुनी तीन भांडी नव्यावर बसत नाहीत. स्टील चांगलं जाड आहे. पातं काढून कुणी वापरलीत का? खालचा नट कुठल्या दिशेने सुटतो? मी जोर लावून दमले, आणि सासूबाई चटणीचं भांडं मोडीत द्यायला तयार नाहीत.