मदत हवी आहे: ‘हप्ता जमा होणार’ ही बातमी नेमकी कधी द्यावी?

आमचं छोटं जिल्हा साप्ताहिक आहे, सोबत पोर्टल. डेस्कवर दोघंच, मुंबईत वार्ताहर नाही. लाडकी बहीण योजनेच्या 1500 रुपयांच्या हप्त्याची बातमी दर महिन्याला अडकते.

निधी वितरणाचा शासन निर्णय निघाला की आम्ही तो पूर्ण वाचतो. पण त्यात निधी मंजूर झाल्याचं असतं, पैसे खात्यात कधी पडतील ते नसतं. तालुक्याच्या कार्यालयात फोन केला, तर ‘वरून आलं की सांगू’. मंत्र्यांची पोस्ट येते, पण मागे त्यावर विसंबून तारीख छापली आणि ती चुकली. बायका बँकेत हेलपाटे घालून आल्या. तेव्हापासून हात आखडता आहे.

‘सूत्रांनुसार’ लिहायचं नाही, हे आमचं ठरलंय. थांबलो तर वाचक व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर विश्वास ठेवतात, हीही अडचणच.

तुमच्या डेस्कवर नियम काय आहे? फक्त मंत्र्यांची पोस्ट हाती असताना मथळ्यात तारीख घेता का, की पहिल्या काही खात्यांत पैसे पडल्याची खात्री होईपर्यंत थांबता? आणि तारीख चुकली तर दुरुस्ती त्याच बातमीत वर टाकता की वेगळी छापता?