पोराचं गेमिंग आणि माझं जीएसटीचं काम एकाच पीसीवर, नेमका धोका कुठून आहे?

हिशेबनीस_सांगली

नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे. शाळेतल्या पोरांचा ग्रुप आहे त्यांचा, सगळे मिळून माइनक्राफ्ट खेळतात, मॉड (गेममध्ये टाकायचे बाहेरच्या लोकांनी केलेले बदल) वगैरे टाकून, आणि आता सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) आणि जीटीए ऑनलाइन पण सुरू झालंय. घरात पीसी एकच. रात्री त्याच्यावरच माझं टॅली, क्लायंटची रिटर्न, पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरमध्येच सेव्ह केलेले, नेट बँकिंग, सगळं त्याच्यावरच.

परवा त्या ग्रुपमधल्या एका मुलाचं चॅटचं अकाउंट कुणीतरी पळवलं आणि त्याच्या नावानं बाकीच्या पोरांना फाइल पाठवली, "मी गेम बनवलाय, जरा टेस्ट करून सांग ना" अशी. आमच्या चिरंजीवांनी उघडली नाही, कारण तो मित्र कायम मराठीत टाइप करतो, अर्धे शब्द शिव्याच असतात, आणि हा मेसेज एकदम शुद्ध इंग्रजीत, प्लीज बिझ लावून. त्याला संशय आला म्हणून वाचलो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

माझा प्रश्न असा की नुसतं खेळत असताना समोरचा माणूस आपल्या पीसीत शिरू शकतो का, का हे सगळं लिंक आणि फाइलपुरतंच आहे? अँटिव्हायरस आहे, बँकेला ओटीपी आहे, एवढ्यानं भागतं का? खेळ बंद करा असं कृपया सांगू नका, पोरगं मुळात अबोल आहे, त्याला मित्र मिळालेत ते याच्यातूनच.

राउटर_पाटील

दादा, दोन्ही होतं, पण दोन्हीचं प्रमाण सारखं नाही. मी ऑफिसमध्ये सिक्युरिटीचंच बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नुसतं खेळताना शिरण्याचे प्रकार खरोखर झालेत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल म्हणून सॉफ्टवेअरमधलं जे भोक जगभर गाजलं ते बऱ्याच लोकांना पहिल्यांदा दिसलं ते माइनक्राफ्टमध्येच, जावा एडिशनमध्ये. गेमच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हर ती ओळ लॉगमध्ये लिहायला जायचा, लॉग लिहिणारी लायब्ररी त्या ओळीला हुकूम समजून बाहेरून कोड आणून चालवायची, आणि सर्व्हरच नाही, तो चॅट ज्यांच्या स्क्रीनवर आला त्यांचे पीसी पण त्यात सापडायचे. १.१८.१ मध्ये ते बुजवलं. मग जानेवारी २०२२ मध्ये डार्क सोल्स ३ मध्ये असंच भोक सापडलं, एका स्ट्रीमरच्या पीसीवर तो लाइव्ह असतानाच बाहेरून कमांड चालवून दाखवली, कंपनीनं पीसीवरचे सर्व्हर बंदच केले आणि ते कित्येक महिने बंद होते. जानेवारी २०२३ मध्ये जीटीए ऑनलाइन, पीसीवरच, चीटर लोक लांबून दुसऱ्याच्या अकाउंटची वाट लावत होते. त्याच वर्षी जुलैमध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्या २००९ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये लॉबीतून (खेळाडू जमतात ती ऑनलाइन खोली) लॉबीत आपोआप पसरणारा वर्म निघाला. आणि २०२५ च्या जुलैमध्ये परत कॉल ऑफ ड्यूटीचाच २०१७ चा डब्ल्यूडब्ल्यू२, तोही पीसीवर बंद करायची वेळ आली.

यातले कॉल ऑफ ड्यूटीचे दोन बघा, गेम जुना, कंपनीचं लक्ष नव्या भागाकडे. दुसरं म्हणजे असल्या बऱ्याच गेममध्ये खेळाडूंचे पीसी एकमेकांशी थेट बोलतात, मधे कंपनीचा सर्व्हर नसतो, म्हणजे तुमचा आयपी समोरच्याला दिसतो आणि त्यानं पाठवलेलं पॅकेट सरळ तुमच्या मशीनवर येऊन पडतं. त्यामुळे सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला दहा-पंधरा वर्षांचा गेम मी कामाच्या पीसीवर ऑनलाइन अजिबात खेळू देणार नाही. चालू, अपडेट येत असलेला गेम असेल तर ही भीती कमी, आणि अपडेट आला की आधी अपडेट मग खेळ, एवढं पाळा.

आता खरी गोष्ट. तुमच्या पोराला जी फाइल आली ती बहुतेक इन्फोस्टीलर, म्हणजे माहिती चोरणारा प्रोग्राम असणार. तो काय करतो ते नीट समजून घ्या, कारण तुमचा ओटीपीवरचा भरवसा इथेच कच्चा आहे. तो चालू झाला की काही सेकंदांत ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड उचलतो आणि सोबत कुकीजही उचलतो. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय याची पावती. ती त्यानं स्वतःच्या ब्राउझरमध्ये टाकली की जीमेल, चॅट, स्टीम (गेम विकत घ्यायचं, खेळायचं ॲप) सगळीकडे तो थेट आत, पासवर्ड विचारत नाहीत आणि ओटीपी पण विचारत नाहीत, कारण साइटला वाटतं की हा तुम्हीच आहात. बँकेचं सेशन लवकर संपतं म्हणून तिथे जरा बरं, पण मेल हातात गेला की फरगॉट पासवर्ड करत बाकीचं एकेक उघडता येतं. अँटिव्हायरसचं म्हणाल तर फाइल बऱ्याचदा पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये येते, म्हणजे आत काय आहे ते त्याला आधी बघताच येत नाही, आणि वर सूचना असते की "फॉल्स पॉझिटिव्ह आहे, अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद कर". चीट आणि फुकट स्किनच्या (गेममधल्या हत्यारांची सजावट, ती पैशांना विकली जाते) नावावर तर हे सर्रास चालतं.

अधिकृत साइटवरूनच घेतो म्हणून पण निश्चिंत राहू नका. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज आणि बुकिट या मॉडच्या नावाजलेल्या साइटवर माइनक्राफ्टच्या मॉडमध्येच मालवेअर घुसवलं होतं, फ्रॅक्चरायझर नाव त्याचं, काही मॉडवाल्यांची अकाउंट ताब्यात घेऊन त्यांच्याच नावानं अपडेट टाकले, आणि ते पीसीवरच्या बाकीच्या जार फाइलमध्येही (जावाच्या प्रोग्रामच्या फाइली, मॉडही त्याच असतात) पसरायचं. २०२५ मध्ये स्टीमवर ब्लॉकब्लास्टर्स म्हणून गेम होता, आला तेव्हा साफ होता, नंतरच्या अपडेटमध्ये चोरीचा कोड घातला. कॅन्सरच्या उपचारासाठी पैसे गोळा करणाऱ्या एका स्ट्रीमरचे जवळपास ३२ हजार डॉलर त्यात गेले, लाइव्ह चालू असताना. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

तुमच्यासाठी उपाय: विंडोजमध्ये पोराचं वेगळं युजर अकाउंट करा, स्टँडर्ड, ॲडमिन नाही. ॲडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. मग त्याच्या बाजूला काही चाललंच तरी तुमच्या प्रोफाइलमधल्या कुकीज आणि फाइलींपर्यंत ते सहजी पोचत नाही. क्लायंटचे पासवर्ड ब्राउझरमधून आजच काढा, पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका, काम झालं की पोर्टलमधून लॉगआउट. टॅलीच्या डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क एरवी काढून ठेवा. आणि परवडत असेल तर कामाला जुना का होईना वेगळा लॅपटॉप घ्या, तो क्लायंटचा डेटा आहे, त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकलाय.

गोट्या_विथ_एडब्ल्यूपी

पाटील सरांशी सहमत, सीएस२ चं मी सांगतो काका, तिथे पीसीत घुसायची गरजच पडत नाही लोकांना, स्किन उडवतात. पोराच्या इन्व्हेंटरीत (त्याच्या अकाउंटवर जमा असलेल्या स्किनमध्ये) काही भारीतलं आहे का बघा.

कसं करतात बघा. "आमच्या टीमला व्होट दे" किंवा "टूर्नामेंटला ये" अशी लिंक येते, ती पण मित्राच्याच आयडीवरून, कारण त्याचा आधीच गेलेला असतो. लिंक उघडली की स्टीमची लॉगिन विंडो येते, हुबेहूब, वर ॲड्रेस पण बरोबर दिसतो, पण ती विंडो म्हणजे त्या पेजमध्येच काढलेलं चित्र असतं. ओळखायची खूण एकच, ती विंडो धरून ब्राउझरच्या बाहेर ओढून बघायची, बाहेर येत नसेल तर खोटी. तिथे एकदा लॉगिन केलं की लगेच काहीच होत नाही आणि म्हणूनच पोरं विसरून जातात. तो मागच्या मागे तुमच्या अकाउंटवर एपीआय की, म्हणजे त्याच्या प्रोग्रामला तुमचे ट्रेड हाताळू देणारी किल्ली, बनवून ठेवतो. मग तुम्ही महिन्याभरानं खऱ्या मित्राला स्किन पाठवायला गेलात की त्याचा बॉट ती ऑफर कॅन्सल करतो आणि त्याच क्षणी तशीच दुसरी ऑफर लावतो, नाव तेच, डीपी तोच, फक्त अकाउंट त्याचं. फोनवर कन्फर्म तुम्हीच करता. म्हणून कन्फर्म करताना समोरच्याची लेव्हल आणि अकाउंट किती जुनं आहे ते बघायची सवय लावा त्याला, नुसतं नाव आणि फोटो नाही.

एपीआय कीचं पेज उघडून बघा, आपण बनवली नसताना तिथे की दिसली तर आधी सगळीकडून साइन आउट, पासवर्ड बदल, मग की रिव्होक. जुलै २०२५ पासून सीएस२ च्या स्किनचा ट्रेड सात दिवसांच्या आत उलटा फिरवता येतो ही चांगली सोय झालीये, पण त्यासाठी सात दिवसांच्या आत कळायला तरी पाहिजे ना.

अनघा_नाशिक

सगळे फाइली आणि स्किनबद्दल बोलताय, मला माणसांबद्दल बोलायचंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अक्षय कुमारनं मुख्यमंत्र्यांसमोर सांगितलं होतं, त्याची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती, समोर अनोळखी माणूस, आधी छान खेळलीस म्हणून कौतुक, मग मुलगा का मुलगी, आणि मुलगी म्हटल्यावर नग्न फोटो पाठव. तिनं तिथेच गेम बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही की ती सांगायला गेली. आपल्याकडे किती पोरं सांगतील? सांगितलं की पहिलं काय होतं, पीसी बंद, फोन काढून घेतला, आणि हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. ज्याच्या हातात फोटो गेलेत तो माणूस पण नेमकं हेच म्हणतो की घरी कळलं तर तुझंच वाटोळं होईल.

माझी दोन्ही मुलं खेळतात आणि त्यांना मी स्पष्ट सांगून ठेवलंय की तू काहीही केलेलं असू दे, मला येऊन सांगितलंस तर तुझा गेम मी बंद करणार नाही. आणि हा शब्द मोडायचा नाही, एकदा मोडला की परत कुणी येत नाही सांगायला.

बाकी सेटिंगमध्ये व्हॉइस आणि मेसेज फक्त फ्रेंड्सपुरते ठेवा. "चल इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू" असं कुणी म्हटलं की तिथेच थांबायचं हे मुलाला आजच सांगा, आणि मुलगा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मुलांनाही फसवतात. तसं काही झालंच तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार, मुलांसाठी १०९८ पण आहे.

कर्नल_मोड

एक मुद्दा राहिला, अँटिचीट, म्हणजे चीटर पकडायला गेमबरोबर येणारा प्रोग्राम. पोरगं उद्या व्हॅलोरंट हा गेम मागणारच. त्याचं अँटिचीट व्हॅनगार्ड पीसी चालू होतानाच, विंडोजबरोबर कर्नलमध्ये (विंडोजच्या सगळ्यात आतल्या गाभ्यात) लोड होतं, गेम उघडा नाहीतर नका उघडू. क्लायंटचा डेटा असलेल्या मशीनवर कुठल्या गेम कंपनीला एवढी मुभा द्यायची हेच मला पटत नाही. गेनशिन इम्पॅक्टचं उदाहरण घ्या, त्याचा अँटिचीट ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी अँटिव्हायरस मारायला वापरला, २०२२ ची गोष्ट.

राउटर_पाटील

उदाहरण खरं आहे, पण तिथे एक फरक आहे. त्या हल्ल्यात गेम इन्स्टॉल असायची गरजच नव्हती, चोरांनी तो सही केलेला, म्हणजे विंडोज ज्याच्यावर विश्वास ठेवतं असा, ड्रायव्हर सोबत आणला आणि ज्यांनी आयुष्यात तो गेम बघितला नाही अशांच्या मशीनवर टाकला. म्हणजे गेम न खेळून त्यातून सुटका होत नव्हती. तुमचं दुसरं म्हणणं मात्र मान्य, कर्नलमध्ये एक चूक झाली तर वेगळं युजर अकाउंट वगैरे काही आड येत नाही. व्हॅनगार्ड ट्रेमधून बंद करता येतं, मग खेळायच्या आधी रीस्टार्ट करावं लागतं, काम करताना ते बंद ठेवणं हा मधला मार्ग. माझ्या घरी विचाराल तर व्हॅलोरंट फक्त गेमिंगच्या मशीनवर.

हिशेबनीस_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, अनघाताई तुमचं विशेष. रात्री मुलाला शेजारी बसवून वेगळं अकाउंट केलं, पासवर्ड ब्राउझरमधून काढले, लॅपटॉपचंही बघतोय. त्याच्याशी बोलताना एक नवीनच निघालं, हे लोक आमच्याच पीसीवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवतात आणि त्यासाठी त्यानं राउटरमध्ये कुठला तरी पोर्ट उघडलाय. यात काय बघू?

राउटर_पाटील

पोर्ट २५५६५ असणार. सर्व्हरच्या फोल्डरमध्ये सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज नावाची फाइल आहे ती उघडा आणि त्यात ऑनलाइन मोड ट्रू आहे का बघा. ग्रुपमधल्या एखाद्याकडे क्रॅक लाँचर (विकत न घेता गेम चालवायचा जुगाड) असला की पोरं त्याच्यासाठी हे फॉल्स करून ठेवतात, आणि मग नाव तपासायचंच बंद होतं, जगातला कुणीही तुमच्या पोराचंच नाव लावून आत येतो आणि सर्व्हर त्याला ॲडमिन समजतो. उघडे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे आपल्या सांगलीतल्या सर्व्हरकडे कोण बघतंय असं धरून चालू नका. ट्रू करा, व्हाइटलिस्ट चालू करून त्यात फक्त मित्रांची नावं टाका, सर्व्हर आणि जावा दोन्ही अपडेट करा. ज्याच्याकडे क्रॅक आहे त्याला गेम विकत घेऊन द्यायला चारपाच जणांनी मिळून वर्गणी काढली तरी चालेल. आणि लॅपटॉप आला की सर्व्हर पोराच्याच पीसीवर राहू दे, तुमचा लॅपटॉप राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर जोडा, म्हणजे दोघं एकमेकांना दिसणार नाहीत. राउटरचा मॉडेल नंबर टाका इथे, गेस्ट नेटवर्क कुठे सापडतं ते सांगतो.