मुदत संपलेली रूट सर्टिफिकेटं: काढायची की राहू द्यायची?

कळमन्याचा काटेवाला
काल इथं एका भाऊनं ज्ञान दिलं: "ट्रस्टेड रूटची यादी उघडा, तारीख उलटलेलं सगळं डिलीट मारा, पाच मिनिटांत मशीन स्वच्छ." रूट म्हणजे काँप्युटरनं आधीच खरं मानलेलं मूळ सर्टिफिकेट, बाकीच्या सह्या अन् सर्टिफिकेटं त्याच्याच भरवशावर खरी ठरतात. दिवाळीची साफसफाई आहे का ही? माझ्या पोरानं धरमकाट्याच्या काँप्युटरवर हेच केलं. विंडोज ७, नेट नाही. मग काट्याचा ड्रायव्हर (काटा काँप्युटरला जोडणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकाले गेलो तर मशीन त्याची डिजिटल सहीच ओळखेना. बाहेर संत्र्याच्या गाड्यांची लाईन, अन् ड्रायव्हर लोकं माझ्या नावानं बोंबलून राहिले. पोरानं उडवलेलं 'मायक्रोसॉफ्ट रूट ऑथॉरिटी' हे रूट ३१ डिसेंबर २०२० लाच संपलं, तरी खुद्द मायक्रोसॉफ्ट म्हणते काढू नका. सही झाली तेव्हा ते चालू होतं, सहीवरचा वेळेचा शिक्का (टाइमस्टँप) तसं सांगतो. सब-रजिस्ट्रार रिटायर झाला म्हणून खरेदीखत रद्द होते काय?

धंतोली ऑडिट
तो भाऊ मीच. आणि शिक्काच चोराच्या हाती लागला तर? २०११ मध्ये सर्टिफिकेटं देणाऱ्या हॉलंडच्या डिजिनोटार कंपनीत घुसून गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं, इराणमधल्या लोकांवर वापरलं. २०१४ मध्ये आपल्याच सरकारी एनआयसीकडून गूगल-याहूच्या नावाची नको ती सर्टिफिकेटं निघाली. तिच्यावरच्या सीसीए इंडिया या सरकारी कार्यालयाचं रूट विंडोजच्या यादीत होतं, म्हणून विंडोजनं ती मुकाट मानली. फायरफॉक्सची यादी वेगळी, ते वाचलं. आंधळा विश्वास तुम्हालाच लखलाभ.

बर्डीचा बाप्पू
दोन्ही वेळेस त्या रूटची मुदत शिल्लक होती ना बे! तुझ्या तारीखवाल्या झाडूनं दोन्ही जागच्या जागीच राहिले असते.

रामदासपेठ टॅक्स
तुम्ही मेलेल्यांवर भांडून राहिले, जिवंत भुतं डीएससी टोकनसोबत (डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह) येतात. २० तारखेला जीएसटी भरायचा, टोकन दिसेना. सपोर्टवाल्याला फोन केला. तो म्हणे अँटिव्हायरस बंद करा, हे रूट टाका, जे विचारेल त्याला 'येस' म्हणा. म्हटलं. टोकन तीन वेळा बदललं, दरवेळी नवं सॉफ्टवेअर अन् त्याचं नवं रूट. जुनं कोणी काढत नाही. ऑफिसात चार मशीन, चारही ठिकाणी वेगळी यादी.

धंतोली ऑडिट
मग 'येस' म्हटलंच कशाला? पक्षकाराच्या कागदावर असं डोळे मिटून सही करता का?

रामदासपेठ टॅक्स
लेट फी तुम्ही भरणार होते काय, साहेब? एसीत बसून बोलणं सोपं आहे.

बर्डीचा बाप्पू
टॅक्सभाऊचं दुखणं खरं आहे. २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवर कंपनीनंच टाकलेलं सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर निघालं होतं. प्रत्येक मशीनवर तेच रूट, अन् त्याच्या नावानं सही करायची गुप्त चावीही तीच. एकाची काढली की सगळ्यांचं कुलूप उघडं. पाहायचं असंल तर बाहेरून कोणी काय टाकलं ते पाहा. अन् धंतोलीवाले, मायक्रोसॉफ्टच्या यादीतलं चालू रूट नुसतं डिलीट करून भागत नाही. नेट असलं तर गरज पडताच विंडोज ते गुपचूप परत आणते. संशय असंल तर 'अनट्रस्टेड' (भरवसा नसलेल्या) यादीत टाका.

धंतोली ऑडिट
बरं, तारीख हा निकष चुकला. झालं समाधान? डिलीटचा सल्ला मागे घेतो, काटेवाल्यांना तर्री पोहे माझ्याकडून. पण यादी उघडून पाहा म्हणालो, ते चूक नव्हतं.

कळमन्याचा काटेवाला
पोहे राहू द्या. तसंच विंडोज ७ असलेल्या भाच्याच्या मशीनवरून ते रूट एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हनं आणलं, तेव्हा काटा चालू झाला. पासवर्ड बदलला, पोराले नवा अजून सांगितला नाही.